बिघडलेल्या आवाजाची बाजू

"आवाज बिघडला तर लोक दुरुस्त करून घेतात. पदरचे पैसे मोजून बिघडवून आणणारा माणूस मी चाळीसगावात पहिलाच पाहिला!"

हे उद्गार आमचे शेजारी अण्णा यांचे. अण्णा सेवानिवृत्त आहेत. म्हणजे दुसऱ्याच्या उद्योगांवर देखरेख करायला त्यांना पूर्ण वेळ आहे. आमचा उद्योग एवढाच, की गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेट्या आम्ही जमवतो. जमिनीवर ठेवून पायाने दाबायच्या, म्हणून त्यांना पेडल म्हणतात. आकार साबणाच्या दोन वड्यांएवढा, आत नऊ व्होल्टची बॅटरी. अशी अकरा पेडले आहेत. गिटार एक आहे. त्यावर वाजवता येणारी गाणी शून्य, आणि वाजवायचीही नाहीत. घरघर, गुरगुर, किंकाळी काढायची आणि मोबाइलवर टिपून ठेवायची. याला जगात 'नॉइज' संगीत म्हणतात. आमच्या गल्लीत नुसतेच नॉइज म्हणतात.

पहिल्या दिवशी समोरचे कापूसवाले पाटील धावत आले होते. "भो, मोटार जळनी का तुन्ही?" त्यांच्या स्वरात खरी काळजी होती. असा टीकाकार परवडतो. अण्णा मात्र तत्त्वावर बोलतात, आणि तत्त्वाला उत्तर द्यावेच लागते.

आधी यंत्राबद्दल. मी बी.कॉम. असल्याने मला ते बँकेच्या भाषेतच समजले. आवाजाची लहर वर-खाली होते. पेडल ती आधी फुगवते आणि मग ठरावीक मर्यादेच्या वर जेवढी जाईल तेवढी छाटून टाकते. उगमस्थानी करकपातच म्हणा! गोल माथ्याची लहर सपाट माथ्याची होते आणि मुळात नव्हते असे वरचे सूर तिच्यातून निघू लागतात. थोडे छाटले तर ओव्हरड्राइव्ह, बरेच छाटले तर डिस्टॉर्शन, होते-नव्हते तेवढे छाटले तर फझ. (ओव्हरड्राइव्ह हा ओव्हरड्राफ्टचाच भाऊ. मर्यादेबाहेर उचल करू देतात, पण आवाजात फरक पडतो. कर्जदाराच्याही पडतो.)

आणि ही कल्पना कुणा वाह्यात पोराची नव्हे. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स यांचे एक गाणे ध्वनिमुद्रित होत असताना यंत्राचा एक भाग बिघडला आणि बास गिटार घरघरली. घरघर तशीच ठेवून १९६१ साली गाणे बाजारात आले, आणि चालले! ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड रीतसर पेटीत बसवला. १९६२ साली गिब्सन कंपनीने तो 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने विकायला काढला. आधी कुणी विचारीना. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तो गरजला आणि मग मागणी आवरेना. चुकीची नोंद जमेच्या बाजूला टाकावी तर अशी. आमच्याकडे चुकीला मेमो मिळतो.

"पाश्चात्त्यांची खुळं!" अण्णा म्हणाले. अण्णा पहाटे मोबाइलवर तंबोरा लावतात. मी विचारले, "अण्णा, तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर तो दोरा कशाला घालतात?"

"जवारी लागायला."

"म्हणजे?"

अण्णा थांबले. म्हणजे हेच, की तार सरळ न वाजता रुंद घोडीला हलकेच घासत थरथरावी आणि स्वर गुंजत, भरून निघावा. मिरजेचे कारागीर पिढ्यान् पिढ्या ती घोडी घासून घासून हेच साधत आले. २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांनी कानस वापरली, जपान्यांनी डायोड. नुसती स्वच्छ तार आपल्याला आवडली कधी?

"ते मधुर असतं. तुझं कर्कश असतं," अण्णा म्हणाले. हा मुद्दा बिनतोड असल्यामुळे मी विषय बदलला.

पण 'गोंगाट' हा शब्द अण्णांनी तरी वापरू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मंजूर आहेत. अण्णांच्या धाकट्याच्या वरातीत डीजेच्या भिंतीपुढे आमच्या फडताळातल्या वाट्या चालत चालत कडेपर्यंत आल्या होत्या. त्याला अण्णा 'हौस' म्हणाले. अहो, मोठा आवाज वेगळा आणि फाटलेला आवाज वेगळा! फाटलेला आवाज कुजबुजीएवढाही असतो. माझा अँप्लिफायर जेवणाच्या डब्याएवढा आहे, आणि रात्री नऊनंतर तोही नाही, हेडफोन.

राहिला 'एकट्याने खोलीत बसून काय करतो' हा आरोप. याच गावात केकी मूस यांनी वर्षानुवर्षे घराबाहेर न पडता टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून अख्खी निसर्गदृश्ये उभी केली आणि त्यांची छायाचित्रे टिपली. १९८९ साली ते गेले. आता ते घर पाहायला लोक गावाबाहेरून येतात. मी केकी मूस नव्हे, हे मला ठाऊक आहे. शिवाय घराबाहेर न पडण्याची सोय बँक मला देत नाही.

खरे कारण मी अण्णांना सांगितलेले नाही. मागच्या पावसाळ्यात एक आजी तिसऱ्यांदा काउंटरवर आल्या. निराधार योजनेचे पैसे जमा झाले का, एवढेच विचारायला. बसचे भाडे खर्चून. मी म्हणालो, "सिस्टीम दाखवत नाही, आजी." हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा म्हणतो, अगदी गुळगुळीत आवाजात, एकही कड फाटू न देता. आजींनी पासबुक पुढे केले, "मग छापून तरी दे." छापण्यासारखे काही नव्हते. तरी यंत्रात घातले. ते करकरले आणि कोरेच बाहेर आले.

ती करकर माझ्या मोबाइलवर होती. गंमत म्हणून कधीतरी टिपलेली. संध्याकाळी ती नारिंगी पेडलमधून काढली. बॉसचे डीएस-१, १९७८ साली निघालेले मॉडेल, माझ्याकडचे जुन्या बाजारातले. बटण शेवटपर्यंत फिरवले. जे निघाले त्याला संगीत म्हणा, नका म्हणू. पण दिवसभरात पहिल्यांदाच मला झाल्या गोष्टीचा बरोबर आवाज ऐकू आला.

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "आज कोण आलं होतं हो बँकेत?"

अण्णा, आता तुम्ही सांगा, कुठले पेडल विकू?

बाराव्याचे पार्सल गुरुवारी येत आहे. पत्ता बँकेचा दिला आहे. घरी आल्यास वाचकांनी हा विषय काढू नये.