सगळेच वाघ्या कसे?

चौकातल्या फ्लेक्सबद्दल या सदरात इतक्यांदा कुरकुर झाली आहे की नेहमीच्या वाचकांनी आता सरळ पान उलटलं तरी माझी हरकत नाही. पण फ्लेक्सवाल्यांची कल्पकता थकत नाही, त्याला मी काय करू? वाढदिवस झाले, निवडी झाल्या, दहावी पास झालेली पोरं झाली. आता मेलेल्या कुत्र्यांची भावपूर्ण श्रद्धांजली झळकू लागली आहे. गुलाबाच्या पाकळ्या, एक मेणबत्ती, मधोमध जीभ बाहेर काढलेला शेरू नाहीतर टायगर, आणि खाली ठरलेली तीन विशेषणं: इमानी, शूर, राखणदार. 'आता तेरावंही घाला' म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. मला तो शोक मान्य आहे, फ्लेक्सही एकवेळ सहन करीन. खटकतात ती तीन विशेषणं.

हसणाऱ्यांचा मुद्दा आधी निकालात काढू. कुत्र्याचं स्मारक हे शहरी चोचलं आहे, पूर्वी असलं काही नव्हतं, असं त्यांना वाटतं. पूर्वी होतं, आणि दगडात होतं. कर्नाटकात मंड्याजवळच्या आतकूर गावचा शिलालेख शके ८७२ मधला, म्हणजे हजार वर्षांहून जुना. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा गंग मांडलिक बूतुग यांनी चोळांना हरवलं, त्या काळातला. बूतुगाचा मणलेर नावाचा एक सरदार होता. धनी प्रसन्न होऊन 'माग' म्हणाल्यावर त्यानं काय मागावं? काळी नावाचा शिकारी कुत्रा. पुढे हा काळी एका दांडग्या रानडुकराशी झुंजला आणि दोघंही मेले. मणलेरानं देवळासमोर दगड उभा केला, त्यावर झुंज कोरली, पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि ही पूजा केल्याशिवाय जो जेवेल त्याला कुत्र्याचं पाप लागेल असंही कोरून ठेवलं. तो दगड आज बेंगळुरूच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. तेव्हा फ्लेक्सवाला शेरू हा परंपरेतलाच आहे.

पण या परंपरेतच एक अट दडलेली आहे. कुत्र्याची आठवण ठेवायची तर त्यानं काहीतरी करून दाखवलेलं हवं, आणि शक्यतो मालकासाठी जीव दिलेला हवा. काळी डुकराशी लढला म्हणून दगडावर आला, खंड्यानं वाघापासून वाचवलं म्हणून समाधीत गेला. रायगडावरच्या वाघ्यानं शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेतली असं सांगतात, ही तर त्या अटीची पराकाष्ठा. १९३६ साली इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून तिथे स्मारक झालं. पुढे एकदा तो पुतळा काढून टाकला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये संभाजीराजे छत्रपतींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तो हटवण्याची मागणी केली, कारण समकालीन कागदांत वाघ्याचा पुरावा नाही. हे होणारच होतं. आठवण पराक्रमावर टांगली की कुणीतरी पराक्रमाचे कागद मागणार, आणि कुत्र्याजवळ कागद कुठले? राजाच्या वाड्यात एखादं साधं, खाऊन-पिऊन सुखी कुत्रं असू शकतं, ही शक्यता मात्र या भांडणात कोणत्याच बाजूला सुचत नाही.

महाभारतालाही या अटीतून सुटता आलेलं नाही. महाप्रस्थानात भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडतात, एक कुत्रा तेवढा शेवटपर्यंत युधिष्ठिरासोबत चालतो, आणि त्याला टाकून स्वर्गात यायला धर्मराज नकार देतो. इथवर गोष्ट निखळ आहे. पण लगेच तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो! कुत्र्याला कुत्रा म्हणून स्वर्गाच्या दारापर्यंत जाऊ द्यायला व्यासांचाही हात अडखळला असावा. मला याच ग्रंथाच्या आरंभीची गोष्ट अधिक आवडते. जनमेजयाच्या यज्ञाजवळ सरमा नावाच्या कुत्रीचं पिल्लू येतं आणि राजाचे भाऊ त्याला बडवतात. ते केकाटत आईकडे जातं: मी हविष्याकडे पाहिलं नाही, चाटलं नाही. सरमा थेट यज्ञात जाऊन जाब विचारते, उत्तर मिळत नाही तेव्हा शाप देते, आणि राजाची घाबरगुंडी उडते. या पिल्लानं कुणाला वाचवलेलं नाही, कुणाची राखण केलेली नाही. त्याच्या बाजूनं एवढंच आहे की त्यानं काही केलं नव्हतं आणि त्याला लागलं. लाखभर श्लोकांच्या ग्रंथात कुत्र्याला कुत्रा म्हणून न्याय मिळालेली ही जागा कीर्तनात फारशी येत नाही. तिथे धर्मराजाचा कुत्राच येतो.

जपानच्या हाचिको कुत्र्याचं उदाहरण माझ्याविरुद्ध दिलं जाईल, म्हणून मीच देतो. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ च्या मे महिन्यात वारले आणि हाचिको १९३५ च्या मार्चमध्ये मरेपर्यंत त्यांची वाट पाहत शिबुया स्टेशनवर येत राहिला. तो हयात असतानाच, १९३४ मध्ये, त्याचा पुतळा उभा राहिला. मेल्यावर त्याच्या पोटात कोंबडीच्या कबाबाच्या काड्या सापडल्या, आणि शंकेखोरांनी म्हटलं की स्वारी मालकासाठी नव्हे, खाण्यासाठी येत होती. जणू दोन्ही कारणांसाठी येणं कुत्र्याला मना आहे! माणूस मामाकडे मामासाठी जातो की मामीच्या हातच्या जेवणासाठी, हे आपण कधी विचारत नाही. पुढे २०१५ मध्ये टोकियो विद्यापीठानं दुसरा पुतळा बसवला. त्यात हाचिको वाट पाहत नाही. घरी आलेल्या मालकाच्या अंगावर तो दोन पायांवर उडी घेतो आहे. पहिल्या पुतळ्यात इमान आहे, दुसऱ्यात कुत्रा आहे, आणि घरोघरी आठवतो तो हा दुसराच.

कुणी म्हणेल, गेलेल्याबद्दल चार शब्द जास्त लिहिले तर बिघडलं काय? माणसांच्या श्रद्धांजलीत तरी खरं कुठे असतं? नसतं, पण माणसाला चुलत भाऊ असतात, भाडेकरू असतात, ते खरं काय ते सांगत फिरतात. कुत्र्याला साक्षीदार एकच घर असतं. त्या घरानं खोटं लिहिलं की खरा शेरू संपला. फटाक्यांना घाबरून पलंगाखाली बसणारा, पाहुण्याची चप्पल पळवणारा, चोरापुढे बहुधा शेपूट हलवली असती असा तो. शिवाय या खोट्याचा त्रास त्याच घराला होतो. कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा-पंधरा वर्षांचं. शेवटी मूत्रपिंडं थकतात, मागचे पाय जातात, आणि डॉक्टर हळू आवाजात शेवटच्या इंजेक्शनचं विचारतात. 'त्यानं आपल्यासाठी जीव दिला असता आणि आपण त्याला इंजेक्शन दिलं' ही टोचणी त्या विशेषणांतूनच येते. आपल्या घरात एक प्राणी होता, त्याचे हाल होत होते, ते थांबवणं आपल्या हातात होतं. एवढंच मनाशी ठरलं तर रात्री झोप लागते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: भटकी कुत्री पोरांचे लचके तोडतात, रेबीजनं माणसं मरतात, आणि तुम्ही कुत्र्याच्या श्रद्धांजलीची भाषा तपासता? २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांविषयीच्या आदेशांवरून देशभर जी जुंपली, तीत एका बाजूला कुत्रा सैतान होता आणि दुसऱ्या बाजूला देवदूत. कुत्रा चावतो, त्याला लस लागते, नसबंदी लागते, रोज बाहेर न्यावं लागतं, हे रुक्ष सत्य दोघांनाही नको असतं. ते सगळ्यांत चांगलं ठाऊक असतं कुत्रा पाळून गमावलेल्या माणसाला, पण तोच फ्लेक्सवर वाघ्या छापतो. मग ते वाचून शेजारच्याला वाघ्या हवा होतो. तो महागड्या जातीचं पिल्लू आणतो. ते राखण करत नाही, सोफा खातं, केस गाळतं, जिन्यात भुंकून सोसायटीच्या सभेत विषय होतं. मग एका संध्याकाळी गाडीतून गावाबाहेरच्या ढाब्यापाशी त्याला उतरवून दिलं जातं, आणि भटक्यांच्या मोजणीत एकाची भर पडते.