दफनभूमीत फिरणे म्हणजे अनादर नव्हे

‘दफनभूमी ही फेरफटक्याची जागा नाही’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. मृतांचा मान राखला जावा ही पत्रलेखकाची कळकळ मलाही आहे. पण माणसांना दूर ठेवल्यानेच तो राखला जातो, हे पटत नाही.

कोपनहेगनची असिस्टन्स दफनभूमी १७६० सालची. परीकथाकार हान्स अँडरसन, तत्त्वज्ञ किर्केगार्ड, भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर तिथेच विसावले आहेत. भोवतालची नोर्रेब्रो वस्ती दाटीची, म्हणून उन्हाळ्यात लोक तिथल्या हिरवळीवर पुस्तक घेऊन बसतात, बाबागाड्या घेऊन फिरतात. त्याने अँडरसनचा मान कमी झालेला नाही. उलट त्याच्या कबरीवर फुले ठेवणारे हात वाढले असतील.

आणि आपली शिवडी? तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीच्या जागी एकोणिसाव्या शतकात आधी वनस्पतिबागच होती. स्वातंत्र्यसेनानी काका बॅप्टिस्टा तिथे आहेत, बोरीबंदर स्थानकाचे वास्तुविशारद स्टीव्हन्स आहेत. मुंबईत झाडाखाली निवांत बसायला जागा किती उरल्या आहेत? मन खचलेल्या माणसाला उपदेश नको असतो. सावली, पक्ष्यांचा आवाज आणि कोणी काही विचारणार नाही अशी जागा हवी असते.

फोटोसेशन, मोठ्याने गाणी, खाणेपिणे बंदच असावे. अंत्यविधीच्या वेळी बाहेरच्यांनी आत येऊ नये. आप्तांची आणि चर्चची संमती आधी घ्यावी. एवढे पाळून शिवडीच्या दफनभूमीच्या जुन्या भागात चार बाक मांडावेत आणि सकाळचे दोन तास ज्येष्ठांसाठी राखून ठेवावेत, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, परळ