न्हाणीघरातले बिल

जानेवारीचे वीजबिल आले की हिंगोलीच्या गल्ल्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "मीटर पळतंय." बोलणाऱ्याचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पंखे बंद आहेत, कूलर गच्चीवर झाकून ठेवला आहे, घरभर एलईडी दिवे आहेत, एसी नाहीच. मग युनिट कमी का होत नाहीत? घरात काहीच चालत नसताना आकडा वाढत असेल, तर दोष मीटरचाच असणार.

हा तर्क चुकीचा आहे. "काहीच चालत नाही" या गृहीतकातच चूक आहे. सकाळी साडेसहा ते आठ या वेळात या घरातली सर्वात भुकेली वस्तू चालू असते. तिचा आवाज नसतो, उजेड नसतो आणि ती न्हाणीघराच्या दाराआड असते. गिझर किंवा बादलीत सोडलेला रॉड.

हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. हिवाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी १८ अंशांवर आहे आणि आंघोळीला ४२ अंशांचे हवे आहे असे धरू. वीस लिटरच्या बादलीला ४८० किलोकॅलरी, म्हणजे ०.५६ युनिट लागले. तेवढ्या विजेत नऊ वॉटचा एलईडी दिवा ६२ तास जळतो. दिवे विझवत घरभर फिरणाऱ्या आजोबांची शिस्त चांगलीच. पण त्यांनी आठवडाभरात वाचवलेली वीज नातवाची एक जास्तीची बादली संपवून टाकते.

पाच माणसांच्या पाच बादल्या धरल्या तर रोज २.८ युनिट, महिन्याला ८४. त्याच घरातला फ्रिज महिन्याला तीसेक युनिट घेतो, सहा दिवे रोज सहा तास जळले तर दहा, टीव्ही पंधरा, बोअरची मोटर रोज अर्धा तास चालली तर पंधरा आणि इस्त्री, मिक्सर, मोबाईल मिळून दहा. बेरीज होते ८०. म्हणजे उरलेले सगळे घर एका बाजूला आणि आंघोळ दुसऱ्या बाजूला ठेवली, तरी आंघोळीचे पारडे जड.

पैशांत हा फरक आणखी मोठा होतो. २०२४-२५ मध्ये महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांसाठी वीज आकार आणि वहन आकार मिळून प्रतियुनिट ५ रुपये ८८ पैसे पडत होते. १०१ ते ३०० या टप्प्यात तोच दर ११ रुपये ४६ पैसे. ८० युनिटांचे घर पहिल्या टप्प्यात आरामात बसते आणि त्याचे होतात ४७० रुपये. त्यात आंघोळीचे ८४ युनिट मिळवले की एकूण १६४ होतात, म्हणजे ६४ युनिट जवळजवळ दुप्पट दराच्या टप्प्यात जातात. आंघोळीने वाढवलेली रक्कम ८५१ रुपये, १६ टक्के वीज शुल्क धरून हजाराच्या घरात. युनिट दुप्पट झाले आणि रक्कम पावणेतीनपट. ग्राहकाला बिलावर दिसते ती रक्कम. युनिटांचा रकाना तो पाहत नाही आणि संशय मीटरवर जातो.

उष्णता महाग असते हे खरे तर या जिल्ह्याला कोणी सांगायला नको. वसमत, कळमनुरी, सेनगावच्या शिवारात काढणीनंतर हळद शिजवायला किती जळण लागते, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाणी तापवणे हे जळणाचे काम आहे, ही जाणीव घरातही होती. अंगणात तांब्याचा बंब असे; त्यात तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, शेतातले लाकूडफाटे जात. धूर डोळ्यांत जाई आणि जळण किती उरले तेही रोज दिसत असे. घरे सिमेंटची झाली, अंगण गेले, बंब माळ्यावर गेला. बाईच्या छातीतला धूर गेला हे चांगलेच झाले, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण ते जळण संपले नाही, ते तारेतून येऊ लागले आणि म्हणून दिसेनासे झाले.

पाणी तापवण्याबद्दलचे आणखी काही समज याच न दिसण्यातून आले आहेत. गिझर महाग आणि रॉड स्वस्त, हा त्यातला पहिला. दोन्हींत तीच कॉइल असते, दोन्हींत जवळजवळ सगळी वीज पाण्यात उतरते. तेवढेच पाणी तेवढेच तापवायला तेवढेच युनिट लागतात. रॉड स्वस्त असतो तो फक्त विकत घेताना, आणि बादलीतल्या पाण्यात चालू रॉड असताना हात घातला तर जीव जाऊ शकतो, ही त्याची खरी किंमत. दुसरा समज असा की तीन हजार वॉटचा गिझर दोन हजार वॉटच्या गिझरपेक्षा जास्त बिल आणतो. तो जास्त वेगाने तापवतो आणि लवकर बंद होतो. बिल वॉटचे येत नाही, वॉट गुणिले तासांचे येते. तिसरा समज नुकसानीचा आहे: गिझर दिवसभर चालूच ठेवावा, परत परत तापवण्यात जास्त वीज जाते. टाकीतले पाणी जितका वेळ गरम राहते, तितका वेळ उष्णता बाहेर झिरपत राहते आणि थर्मोस्टॅट ती पुन्हा भरून काढतो. पंचवीस लिटरच्या टाकीतून दिवसभरात अर्धा युनिट सहज जातो, तोही कोणी अंगावर एक तांब्या न घेता. व्होल्टेज कमी म्हणून गिझरचे बिल जास्त, हेही खरे नाही. कमी व्होल्टेजला कॉइल सावकाश तापवते, वेळ वाढतो, युनिट तेवढेच राहतात.

ज्या देशांत आंघोळीच्या पाण्याबरोबर अख्खे घरच विजेवर तापवतात, तिथे हे चित्र मोठ्या आकारात दिसते. नॉर्वेत बहुतेक घरांचे तापमान विजेवर राखले जाते. तिथल्या एका घराचा सरासरी वापर वर्षाला सोळा हजार युनिटांच्या आसपास असतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक वीज खोल्या उबदार ठेवण्यात जाते. तिकडे नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबाला हे आकडे पहिल्या हिवाळ्यात धसका देतात. पण बिल मोठे आले की तिथला माणूस आधी भिंतीच्या फटी, खिडकीच्या काचा आणि हीट पंप पाहतो. हीट पंप उष्णता नव्याने निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली आत ओढून आणतो. म्हणून एका युनिटात साध्या हीटरच्या दुप्पट-तिप्पट ऊब देतो. आपल्याकडचा एसी हे तेच यंत्र उलटे लावलेले. हिंगोलीतल्या घरांना खोल्या तापवाव्या लागत नाहीत, हे आपले भाग्य. आपला प्रश्न हिवाळ्यात पाण्याचा आणि उन्हाळ्यात हवेचा आहे: १८० वॉटचा कूलर चौदा तास चालला की रोज अडीच युनिट. बाराही महिने बिलाचा कणा उष्णताच आहे, कधी आणलेली, कधी घालवलेली.

मग मीटर पळतच नाही का? नव्या मीटरबद्दलच्या संशयाचे एक कारण प्रामाणिक आहे. जुना चकतीचा मीटर धूळ बसून, बेअरिंग झिजून वर्षानुवर्षे मंदावत जाई आणि सेट-टॉप बॉक्स, चार्जर असा बारीक भार त्याच्या चकतीला हलवूही शकत नसे. इलेक्ट्रॉनिक मीटर तोही मोजतो. ग्राहकाला तो पळताना दिसतो, कारण आधीचा रेंगाळत होता.

मात्र एवढ्यावर थांबून "वापरली वीज, भरा पैसे" असे म्हणणाऱ्यांचे म्हणणेही खोडून काढायला हवे. ते पहिल्या तक्रारीइतकेच अपुरे आहे.

२०२० चा जून महिना महाराष्ट्र विसरलेला नाही. मार्चअखेर टाळेबंदीमुळे मीटरवाचन थांबले. एप्रिल-मेची बिले हिवाळ्यातल्या महिन्यांच्या सरासरीवर निघाली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग घेतल्यावर उन्हाळ्याचा सगळा फरक एकदम ग्राहकाच्या अंगावर आला. मधल्या काळात १ एप्रिलपासून नवे दरही लागू झाले होते. काम बुडालेल्या घरांना तीन महिन्यांचे बिल एका कागदावर मिळाले. वापर खरा असेलही. पण न वाचलेल्या मीटरचे बिल समजून घेण्याची सोय ग्राहकाकडे नव्हती. सरासरी बिलाचा हा प्रकार टाळेबंदीपुरता नव्हता. दार बंद होते, मीटर दिसला नाही, अशा कारणांनी आजही सरासरी लागते आणि पुढे एकदम वसुली होते. अशा बिलात प्रत्येक महिन्याच्या टप्प्याचा लाभ वेगळा मिळाला पाहिजे. तो मिळाला की नाही, हे तपासणे ग्राहकाचा हक्क आहे.

याहून मोठा अन्याय दराच्या रचनेतच आहे. १०० युनिटांची मर्यादा मीटरला आहे, माणसांना नाही. औंढा नागनाथ तालुक्यातल्या एखाद्या वाड्यात नऊ माणसांचे एकत्र कुटुंब महिन्याला २०० युनिट वापरते असे समजा. माणशी २२ युनिट. शहरातल्या तीन माणसांच्या घरात ९५ युनिट; माणशी जवळजवळ ३२. २०२४-२५ च्या दरांत नऊ जणांचे घर सरासरी ८ रुपये ६७ पैसे दराने पैसे देत असे, तीन जणांचे ५ रुपये ८८ पैशांनी. जो माणशी कमी वापरतो त्यालाच उधळ्या ठरवणारी ही रचना आहे. आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि लेकरे एका न्हाणीघरात एकामागून एक आंघोळ करतात, हा काही चैनीचा पुरावा नव्हे.

आणि खरोखर चुकणारे मीटर, सदोष वायरिंग असतेच. मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतला प्रवाह पाहतो आणि जो जास्त त्यावर युनिट धरतो. भावाभावांत वाटण्या झाल्या, मीटर वेगळे झाले, पण आतले न्यूट्रल एकत्रच राहिले, तर एकाच्या मीटरवर दुसऱ्याचा वापर चढू शकतो. जुन्या वाड्यांत हे तपासायलाच हवे. बोअरची जीर्ण केबल किंवा क्षारांनी खाल्लेली गिझरची कॉइलही वीज जमिनीत सोडते, आणि ती आधी माणसाच्या जिवाला धोका असते, मग खिशाला. चाचणी पाच मिनिटांची आहे. घरातली सगळी बटणे बंद करावीत, प्लग काढावेत आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहावा. तरीही तो लुकलुकत राहिला तर वायरमनला बोलवावे. तो थांबला आणि गिझर लावताच वेगाने लुकलुकू लागला, तर उत्तर मिळाले.

उत्तर मिळाल्यावर मार्गही आहेत. गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवणे हा मराठवाड्याच्या उन्हाला साजेसा उपाय. वीज तयार करणारी पॅनेले हा दुसरा: पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटच्या पॅनेलला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान आहे, आणि एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी गिझर आंघोळीआधी लावून लगेच बंद करावा आणि थर्मोस्टॅट ५० अंशांच्या वर नेऊ नये. शंभर युनिटांच्या पुढे गेलेल्या घरात गॅसवर पाणी तापवणे विजेपेक्षा स्वस्त पडते: सिलिंडरमधून चुलीवर सुमारे ११० युनिटांइतकी उष्णता भांड्यात उतरते, म्हणजे सिलिंडर नऊशेचा धरला तरी युनिटाला सव्वाआठ रुपये, आणि विजेचे युनिट २०२४-२५ च्या दराने, शुल्कासह, सव्वातेरा. मात्र गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसे दगावली आहेत.

चाचणीनंतरही संशय उरला तर महावितरणकडे मीटर तपासणीचा अर्ज करावा. मीटर सदोष निघाला तर जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या बिलाची दुरुस्ती होते. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. दराच्या रचनेचा प्रश्न मात्र अर्जाने सुटणारा नाही. नवे दर ठरवण्यापूर्वी विद्युत नियामक आयोगाला जनतेच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ मध्ये तसे बंधन आहे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा आणि वसमतच्या एकत्र कुटुंबांनी पुढच्या वेळी आपल्या घरातली माणसे आणि आपले युनिट लिहून ती हरकत आयोगाकडे पाठवावी, आणि टप्पा माणशी मोजा अशी मागणी करावी.