पाणी उतरेल? उतरू दे!

बॅकपॅकिंग म्हटलं की आपल्याला कसोल आठवतं, हंपी आठवतं, अप्रेझल चांगलं झालं असेल तर व्हिएतनाम. पण मराठी माणसाचं अस्सल बॅकपॅकिंग म्हणजे नर्मदा परिक्रमा. पाठीवर पिशवी, हातात काठी, मुक्काम मिळेल तिथे, जेवण देतील ते. नदी १३१२ किलोमीटरची, आणि चालायचे दोन्ही काठ. जगन्नाथ कुंटेंच्या पुस्तकानंतर तर आयटीवाल्यांपासून रिटायर्ड मास्तरांपर्यंत सगळे निघालेत. बघावं तिकडे मराठीच कानावर पडतं.

नियम एकच, पण कडक : नदी ओलांडायची नाही. मग या काठावरून त्या काठावर जायचं कसं? वर अमरकंटकला उगमाला वळसा घालून. आणि खाली गुजरातेत नदी समुद्राला मिळते, तिथे बोटीने. दक्षिण काठावर विमलेश्वर किंवा कठपोर, समोर उत्तरेला मिठी तलाई. पुस्तकांमध्ये या बोटीवर जेमतेम दोन पानं असतात. सांगते, दोन पानं कमी आहेत.

मी मावशीबरोबर होते. मावशी नेकनूरची. मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की लागतं ते आमचं गाव. वय ६२. तिचं आयुष्य टँकरची वाट बघण्यात गेलेलं. शेवटच्या टप्प्याला सोबत म्हणून मी अंकलेश्वरला तिला गाठलं. खरं सांगायचं तर डोळ्यांसमोर मस्त सनराइज, फोटो वगैरे होतं.

पहिला धडा, बोट घड्याळावर सुटत नाही. भरती-ओहोटीचा भारतातला सर्वांत मोठा खेळ खंभातच्या आखातात चालतो आणि नर्मदा तिथेच रिकामी होते. ओहोटीला किनाऱ्यावर नुसता चिखल. भरती आली की बोट तरंगणार, आणि पाणी आहे तोवर समोरच्या काठाला लागायला हवी. भरती पहाटे तीनला, तर तुम्हीही पहाटे तीनला. आदल्या संध्याकाळपासून बायकांनी पाणी पिणं बंद केलेलं. चार तासांचा प्रवास, बोट उघडी, टॉयलेट नाही. ट्रॅव्हलवाले हे कधी लिहीत नाहीत, म्हणून मी लिहितेय.

बोट म्हणजे मासेमारीची लाकडी होडी, मागे डिझेलचं इंजिन. लाइफ जॅकेट्स होती, पण लोक ती उशीसारखी अंगाखाली घेऊन बसलेले. गुडघे हनुवटीला टेकले, माझी ब्रँडेड सॅक कुणाच्या तरी मांडीवर. मी सहज डोकी मोजायला लागले. पन्नासच्या पुढे गेले तरी फळीवरून माणसं चढतच होती. मागून कुणीतरी "नर्मदे हर!" म्हटलं की सगळे "हर!" म्हणायचे आणि आणखी चौघं आत. देवाचं नाव घेतल्यावर मोजतं कोण?

"आओ माताजी, अभी दस और बैठेंगे," बोटवाला म्हणाला.

मावशी उठली.

"हे काय आमच्या काळीपिवळीसारखं झालं," ती म्हणाली. बीडकडे जीपने गेलेल्यांना कळेल. आत पंधरा, टपावर सहा, आणि ड्रायव्हर म्हणतोय अजून दोन बसतेत. "भाऊ, धा माणसं उतरव. न्हाईतर मी उतरते."

आता गंमत बघा. मनातून अर्ध्या बोटीला ते पटलेलं होतं. तोंडाने मात्र सगळे तिच्यावरच घसरले. मैया सांभाळते, शंका घेऊ नये, तुमच्यामुळे उशीर होतोय. बोटवाला अंधारात हात नाचवत म्हणाला, "पानी उतर जाएगा!" त्याचंही खोटं नव्हतं. उशीर झाला असता तर वाटेत गाळात रुतून पुढच्या भरतीपर्यंत बसावं लागलं असतं.

"उतरू दे की," मावशी म्हणाली. "आमच्याकडं गेलेलं पाणी येत न्हाई. हितलं तर बारा तासांत माघारी येतंय."

मी पत्रकार. २०१९च्या संक्रांतीला आपल्याच नंदुरबारात, धडगाव तालुक्यात, याच नर्मदेत गर्दीने भरलेली बोट उलटून माणसं गेली होती, हे मला पाठ होतं. पण त्या बोटीत बोलली ती मावशी. मी तिची पिशवी उचलली. आमच्यामागे आणखी नऊजण उतरले, त्यातले दोघे मघाशी सर्वांत मोठ्याने ओरडणारे. बोट गेली.

मग दिवसभर धर्मशाळेत मच्छर आणि खिचडी. दुपारी उशिरा पुढची भरती आली. या बोटीत माणसं कमी होती, म्हणजे पाय निदान एका बाजूला पसरता आले. बाकी सगळं तेच. डिझेलचा धूर, खारं वारं, उतरतं पण तोंडावर येणारं ऊन. किनारे दिसेनासे झाले तेव्हा बोटीत कुणीच बोलेना. मावशीने बाटलीतलं नर्मदेचं पाणी थोडं समुद्रात ओतलं आणि बाटली पुन्हा भरून घेतली. मग डोळे मिटून बसली. तिलाही भीती वाटत होती, हे तिच्या हाताच्या पकडीवरून मला कळत होतं. अंधार पडताना समोर दहेजच्या कारखान्यांचे दिवे लागले. उतरलो ते पोटऱ्यांपर्यंत चिखलात.

मिठी तलाईच्या आश्रमात सकाळच्या बोटीतले लोक चहा पीत बसले होते. सगळे सुखरूप.

"काय मावशी, आम्ही पोचलो की नाही?" एक काका हसत म्हणाले.

"पोचला ना? बरं झालं," मावशी म्हणाली, आणि बायकांचं बाथरूम कुठे आहे ते विचारायला लागली.