जुनी फोर बाय फोर घेताय? आधी गाडीखाली झोपून बघा



१ जूनला बंदी लागली, होड्या वर घेतल्या, की ३१ जुलैपर्यंत जेटीवर एकच विषय. सेकंड हँड गाडी. पोरांना थार हवी असते, बाबा विचारतात किलोमीटर किती झाले. आमचं मत सरळ आहे. दर्याकाठच्या माणसाने मॉडेल आणि किलोमीटर नंतर बघावेत, आधी चासी बघावी. इंजीन बांधून घेता येतं, सडलेली चासी नाही.

पण मुळात फोर बाय फोर लागते का? नुसते क्रेट बाजारात न्यायचे असतील तर नको. डिझेल जास्त, दुरुस्ती जास्त. ज्यांची फायबरची होडी ट्रेलरवर जाते, त्यांचं वेगळं. रॅम्पवर ट्रेलर पाण्यात सोडला की गाडीची मागची चाकं शेवाळावर येतात. मागच्या चाकांनीच ओढणारी गाडी तिथे जागेवर चाकं फिरवत बसते, आणि भरती काही थांबत नाही. फोर बाय फोरची पुढची चाकं कोरड्यावर असतात, ती खेचून काढतात. (रॅम्प म्हणजे रॅम्पच हां. गोव्यात वाळूवर गाडी घालायला बंदी आहे.)

नावावर भुलू नका. २०२३पासून थारसुद्धा टू व्हील ड्राइव्हमध्ये येते, दिसायला तशीच. रस्त्यावरच्या स्कॉर्पिओ, बोलेरो तर बहुतेक टू व्हीलच. 'फोर एल' लिहिलेली दांडी किंवा बटण आहे का बघा. मातीच्या ओल्या रस्त्यावर ते टाकून गाडी सरळ चालवा, गिअर सुटतो का, आवाज येतो का ऐका. कोरड्या डांबरावर वळवून बघू नका, ट्रान्स्फर केसवर ताण येतो.

आता चासी. खालून नवाकोरा काळा रंग मारलेला दिसला तर खूश होऊ नका, संशय घ्या. स्प्रिंगपाट्यांचे हँगर, बॉडी जिथे चासीला बोल्टने बसते ती जागा, ब्रेकचे पाइप, इथे स्क्रूड्रायव्हरने टोचा. पापुद्रे निघाले तर नमस्कार करून परत या. मागची मॅट उचला, बर्फाचं खारं पाणी तिथेच मुरतं. डिफरन्शियलचं तेल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय.

म्हणून आम्ही म्हणतो, किनाऱ्यावरच्या पाच वर्षं जुन्या गाडीपेक्षा बेळगावकडची दहा वर्षं जुनी परवडते. फक्त कागद नीट करा. कर्नाटकातल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. गोव्याचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो धरूनच भाव करा. आरसीला पंधरा वर्षं व्हायला किती राहिलीत तेही बघा, पुढे फिटनेस करून नूतनीकरण करावं लागतं.

२०२०च्या आधीची डिझेल थार नाहीतर स्कॉर्पिओ फोर बाय फोर, आमची पसंती या दोघींना. जिप्सी हलकी, चिखलात भारी, पण पेट्रोल पिते आणि होडी ओढायला इंजीन लहान पडतं. हातातले सगळे पैसे गाडीत घालू नका. ऑगस्टमध्ये जाळी, डिझेल, बर्फ, सगळं एकदमच उभं राहतं.

गाडी बघायला जायच्या आधी सोसायटीत सांगा. आमच्यातला कोणीतरी जाणता सोबत येईल.