‘इस्टेशन’ची लाज कोणाला?

परवा गुलमंडीवर एका रिक्षावाल्या चाचांना मी विचारले, “इस्टेशनला येता का?” शेजारी उभा असलेला माझा नातू खुदकन हसला. “आजोबा, स्टेशन म्हणा!” हसू त्याचे, पण शिकवण त्याच्या इंग्रजी शाळेची.

अहो, सप्टेंबर 1948 पर्यंत हे शहर निजामाच्या राज्यात होते. इंग्रजी शब्द आमच्या घरांत आले ते बहुधा उर्दूचा उंबरठा ओलांडून. त्या जिभेला शब्दाच्या तोंडी ‘स्ट’, ‘स्क’ अवघड. ती पुढे ‘इ’ची पायरी घालते. स्पेनचा माणूसही ‘एस्तासिओन’च म्हणतो! फ्रेंचांनी तर लॅटिन ‘स्कोला’चे ‘एकोल’ करून टाकले. त्यांना कोणी गावंढळ म्हणत नाही.

आणि साहेब? त्याने आमचे मुंगूस उचलले, त्याचे ‘मॉंगूस’ केले आणि ते आपल्या कोशात मानाने बसवले. उच्चार सुधारायला एखादा साहेब मराठीच्या शिकवणीस आल्याचे अद्याप ऐकिवात नाही. स्पेलिंग चुकवू नये, हे मला मान्य. पण जीभ घरचीच राहणार.

चाचा मात्र हसले नाहीत. “बैठो,” म्हणाले, आणि आम्हांला बरोबर इस्टेशनवर उतरवले.