विश्लेषण : स्तनाग्रे चपटी असली तर बाळाला अंगावर दूध पाजता येत नाही का?

शिरूर तालुक्यातील कारेगाव हे रांजणगाव औद्योगिक वसाहतीलगतचे गाव. नोकरीसाठी बाहेरून आलेली अनेक जोडपी येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशा घरात पहिले बाळ जन्मले की आई किंवा सासू हाताशी असेलच असे नाही. सल्ला मिळतो तो फोनवरून किंवा शेजारच्या खोलीतून. बाळ अंगावर नीट ओढत नसेल, तर दोन-तीन दिवसांतच ‘बोंडे चपटी आहेत, बाळाला धरता येणार नाही, पावडरचा डबा आणा’ असे ठरून जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. अडचण खरी असते. पण बहुतेक वेळा कमी पडते ती पहिल्या आठवड्यातली मदत.

चपटी स्तनाग्रे म्हणजे नेमके काय?

स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग अंगठा आणि बोटाने हलकेच दाबला की काही जणींचे स्तनाग्र बाहेर येते, काहींचे तसेच राहते, तर काहींचे आत ओढले जाते. हा शरीराच्या ठेवणीतला फरक आहे, आजार नाही. दूध किती येणार हे त्या आकारावर ठरत नाही. बाळ किती ओढते किंवा हाताने किती दूध काढले जाते, यावर ते ठरते. शिवाय बाळ केवळ स्तनाग्र चोखत नाही. ते भोवतालचा काळसर भागही तोंडात घेते. तोंड मोठे उघडून हनुवटी स्तनाला टेकली, तर चपट्या स्तनाग्रांवरही बहुतेक बाळे दूध पिऊ शकतात. काहींना हे जमायला दिवस लागतात, इतकेच.

अडचण घरी आल्यावर का वाढते?

सामान्य प्रसूतीनंतर साधारण ४८ तासांनी घरी सोडले जाते. दूध भरून येते ते मात्र दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. तेव्हा स्तन घट्ट होतात, भोवतालची त्वचा ताणली जाते आणि आधीच चपटे असलेले स्तनाग्र आणखी सपाट होते. रुग्णालयात जेमतेम पकड घेणारे बाळ घरी आल्यावर रडू लागते, ते यामुळे. म्हणजे मदतीची सर्वाधिक गरज निर्माण होते, तेव्हा परिचारिका जवळ नसते.

काय करता येते?

पाजण्याआधी स्तनाग्राच्या मुळाशी बोटांची टोके ठेवून छातीकडे मिनिटभर हलका दाब द्यावा किंवा हाताने थोडे दूध काढावे. त्याने तो भाग मऊ होतो. बाळाला उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवल्याने ते स्वतः तोंड उघडू लागते. बाळ ओढतच नसेल, तर पहिल्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, हाताने दूध काढून उकळलेल्या वाटी-चमच्याने पाजावे. चिकाचे ते थोडेसे पिवळसर दूधही मोलाचे असते.

आत ओढलेल्या स्तनाग्रांसाठी सिरिंजची युक्ती आहे. पुढचे टोक कापून दट्ट्या त्या बाजूने घालायचा आणि गुळगुळीत बाजू स्तनावर ठेवून आईने स्वतः हलकेच ओढायचे. कर्नाटकातील दावणगेरे येथील बालरोगतज्ज्ञांनी १९९३ मध्ये ही पद्धत शोधनिबंधातून मांडली. ती परिचारिकेकडून शिकून घ्यावी. दुखले तर थांबावे.

गरोदरपणात स्तनाग्रे ओढण्याचे व्यायाम मात्र उपयोगी ठरलेले नाहीत. ब्रिटन आणि कॅनडातील ४६३ गर्भवतींवरील १९९४ च्या चाचणीत व्यायामाचा किंवा स्तनावर बसवायच्या प्लास्टिक कवचाचा फायदा दिसला नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

बाळ सुस्त असेल, पाजायला उठत नसेल, पिवळे दिसत असेल किंवा पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल, तर वाट पाहू नये. जन्मवजनात दहा टक्क्यांहून अधिक घट धोक्याची. अशा वेळी डॉक्टरांनी पावडरचे दूध सांगितले, तर तो आईचा पराभव नाही. ते वाटी-चमच्याने द्यावे आणि अंगावर पाजण्याचा प्रयत्न सुरू ठेवावा. बाटलीची सवय लागली, तर बाळ स्तन नाकारण्याची शक्यता वाढते.

मग कमी काय पडते?

डब्याच्या आणि बाटलीच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. पण जाहिरात थांबवल्याने आईजवळ माणूस येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात, तरी पहिल्या तासात स्तनपान मिळणारी मुले ४१.८ टक्केच आहेत. बाई रुग्णालयात पोहोचली. पाजायला शिकवणारा हात तिच्यापर्यंत पोहोचला नाही.

यासाठी नवी योजना नको. घरी सोडण्यापूर्वी परिचारिकेने एक पूर्ण पाजणे स्वतः पाहावे आणि कार्डावर तशी नोंद करावी. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा सेविकेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे असते. यातली तिसऱ्या दिवसाची भेट कोणत्याही कारणाने चुकू नये. कारेगावसारख्या गावात भाडेकरूचे नाव गावच्या यादीत नसेल, म्हणून ती खोली वगळली जाऊ नये. घरमालकांनी नवी बाळंतीण आल्याचे आशा सेविकेला कळवले, तरी बरेच काम होईल.

आणि खोलीत दुसरे मोठे माणूस फक्त नवराच असेल, तर भांडी उकळणे, रात्री बाळ उचलून देणे आणि ‘दूधच येत नाही’ म्हणणाऱ्यांना थांबवणे ही कामे त्याची आहेत. आईच्या शरीरात दोष शोधण्याआधी हे सगळे झाले का, हे तपासायला हवे.